कळंबच्या कुंडातून सात पदर खाली

चपला वरच काढा. फुलवालीच्या टोपलीशेजारी ठेवल्यात तरी चालतील. तिचं लक्ष असतं, आणि तसंही मे महिन्यात कळंबला भर दुपारी दुसऱ्याच्या चपला चोरायला कोणी अनवाणी येत नाही.

आता उतरा. इतर गावांत देवाला भेटायचं तर टेकडी चढावी लागते. यवतमाळ जिल्ह्यातल्या या चिंतामणीला भेटायला जमिनीच्या पोटात जावं लागतं. पहिल्या पायरीवर तळपाय असा चटकतो की तुम्ही नकळत दुसरीवर उडी मारता. चार-पाच पायऱ्या झाल्या की वरच्या ट्रकचे हॉर्न बोथट होतात. आणखी खाली गेलात की मानेवरचा घाम एकदम गार पडतो. ओला दगड, कालच्या दूर्वा, फुटलेल्या नारळाचं पाणी, तेलाच्या वातीचा धूर, असा सगळा मिळून एक वास नाकात बसतो. समोर कुंड.

इथली गोष्ट इंद्राची आहे. अहल्येला फसवलं म्हणून गौतमाने शाप दिला आणि देवांच्या राजाचं अंग ओंगळ खुणांनी भरून गेलं. तोंड लपवत फिरता फिरता तो इथे आला, कदंबाच्या झाडाखाली गणपतीची आराधना करत बसला. देव प्रसन्न झाला आणि अंगावरच्या खुणांचे डोळे झाले, असं पुराण म्हणतं. गावातले लोक पुढे सांगतात की अंकुशाने जमीन फोडून इथे गंगा वर आणली आणि तिच्यात अंघोळ करून इंद्राची काया निर्मळ झाली. कदंब म्हणजे आपला कळंब, गावाला नाव तिथूनच. मधूनमधून, काही वर्षांच्या अंतराने, कुंडाचं पाणी आपण होऊन चढतं आणि गाभाऱ्यात शिरून मूर्तीच्या पायांना लागतं. तेव्हा इथे मुंगीला शिरायला जागा नसते.

म्हणजे हे गाव मुळात कातडीच्या एका तक्रारीवर वसलंय. निदान मला तरी असं म्हणायला आवडतं. आज आपल्याला त्या कातडीच्या खाली जायचंय. आणि गंगा इथपर्यंत येत असेल, तर इथून गंगेपर्यंत जाताही आलं पाहिजे. पुजारीबुवांकडे बघू नका, ते आरतीची तयारी करताहेत. नाक धरा आणि घ्या बुडी.

पाणी मात्र एका दमात काशीला नेत नाही. पॅसेंजर गाडीसारखं मध्ये थांबतं.

डोकं वर काढता तेव्हा अंधार आहे आणि तोंडात कडब्याचा भुसा. तुम्ही गोठ्यात आहात. गाव हेच, कळंब. फक्त तीन-चार पिढ्या मागचं. विजेचा दिवा नाही. खांबाला टांगलेला कंदील आणि त्याच्या काचेवर काजळीचा पट्टा. वैरण, मूत, ओलं शेण, आणि या सगळ्यावर मात करणारा एक कोमट, गोडसर, रक्ताचा वास. गाय नुकतीच व्यालीय. वासरू चारही पाय वेगवेगळ्या दिशांना टाकत उभं राहायचा प्रयत्न करतंय आणि त्याच्या अंगावर अजून ओल्या, निळसर, पारदर्शक पापुद्र्याचे तुकडे चिकटलेत. गाय ते चाटून काढतेय. तिच्या खरखरीत जिभेचा आवाज तुम्हाला स्पष्ट ऐकू येतो, आणि मध्येच तिचं घोगरं हुंकारणं.

मागे मात्र अजून काहीतरी लोंबतंय. घरातला पोरगा हात घालायला जातो तशी म्हातारी ओरडते, "ओढू नोको रे! जार हाय थो. आपसूक पडते. बांबूचा पाला आन तिच्यासाठी, जाय."

मग ती तुमच्याकडे वळते. पाहुणा रात्रीच्या वेळी गोठ्यात कसा उगवला हा प्रश्न तिला पडत नाही. गाय व्यायच्या रात्री गोठ्यात कोणीही चालतं. "तुमी काहून उभे जी? कंदील धरा."

कंदील धरा. हात थरथरू देऊ नका. अर्धा-पाऊण तास डासांना मांड्या वाटत तसेच उभे राहा. शेवटी गाय पाठ कमानीसारखी वाकवते आणि फळ्ळकन आवाज होऊन तो सगळा पसारा खाली येतो. म्हातारी काडीने तो उलगडून बघते, सबंध पडलाय ना, आत तुकडा राहिला नाही ना. उजेडात तुम्हालाही दिसतं. जाडजूड मांसल चकत्या, आणि त्यांना धरून ठेवणारं, पसरणारं, पाण्यासारखं पातळ आवरण. म्हातारी एका बाजूने बोट घालते तर दुसऱ्या बाजूने तिच्या बोटावरच्या रेषा दिसतात.

हा शब्द लक्षात ठेवा, जार. पुढच्या स्टेशनावर तोच भेटणार आहे, पण धुतलेल्या धोतरात, जरायु या नावाने. काही गावांत ही जार गोणपाटात बांधून वडाला टांगतात. वड चिकाचा, त्याच्यासारखंच गाईलाही भरभरून दूध यावं म्हणून. हेही लक्षात असू द्या.

पहाटे खरवस मिळेल, पण तेवढा वेळ नाही. चला, पुन्हा बुडी.

या वेळी आधी वास येतो, मग पाणी. आणि वास असा आहे की तुम्ही वर न येता पाण्यातच राहायचा विचार करता.

ही काशी. घाट बांधायला अजून खूप वेळ आहे. इथे नुसता चिखलाचा काठ आणि लव्हाळी. गर्दीपासून दूर, वळणावर, प्रवाहात एक पिंजरा रोवलाय. आत मुंज गवतात, झाडाच्या सालीत, कुशात आणि सणाच्या दोरात गुंडाळलेलं माणसाच्या लांबीचं काहीतरी आहे. (होय, तेच मुंज गवत ज्याची मेखला बटूच्या कमरेला बांधतात. तुमच्या मुंजीतल्या त्या खाजेची आठवण होईल, ती आत्ता विसरा.) मासे, कासवं, कोल्हे यांना जाळीतून आत येता येत नाही. पाणी तेवढं येतं आणि जातं. आज सातवी रात्र उलटलीय.

"श्वास तोंडाने घ्या," शेजारचा विद्यार्थी सांगतो. तुम्हाला त्याचं बोलणं मराठीत ऐकू येतं, प्रवासाच्या भाड्यात ही सोय धरलेली आहे. वय असेल वीस-बावीस. कमरेला ओलं वस्त्र, डोळ्यांत पाणी. दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणतो. कोणतंही शव चालत नाही, हेही तोच सांगतो. अवयव सगळे शाबूत हवेत. विषाने मेलेला नको, लांबच्या दुखण्याने झिजलेला नको, शंभरीचा म्हातारा नको. आतडी आधीच रिकामी करून घेतलेली.

दोर कापतात. तुम्ही दुसरीकडे बघता. मग कुतूहल जिंकतं.

कोणाच्याही हातात सुरी नाही. ही गोष्ट तुम्हाला चकवते. शरीर उघडायचं तर कापायला हवं, असं आपलं गणित. इथे मात्र हातात कुंचा आहे. वाळ्याच्या मुळांचा, केसांचा, बांबूच्या काड्यांचा किंवा बल्वज गवताचा. पाण्याने मऊ झालेल्या अंगावरून तो कुंचा हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा, एकाच दिशेने फिरतो. घास-घास-घास. अंगणात सडा घालून कोणी सावकाश झाडतंय असा आवाज. आणि प्रत्येक झाडणीला एक पदर सुटतो.

पदर हा शब्द मी मुद्दाम वापरला. कांद्याला पदर असतात, चांगल्या पोळीला पदर सुटतात, लुगड्याला पदर असतो. कापडाची ही आठवण फक्त आपल्याकडेच नाही. तिकडे रोमच्या वैद्यांनी डोळ्यांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या वेष्टणांना ट्यूनिका म्हटलं, म्हणजे अंगरखा, आणि आजचा यवतमाळचा सर्जनही ऑपरेशन करताना तोच शब्द उच्चारतो. अरबांनी मेंदूच्या पडद्यांना आई म्हटलं. त्याचं लॅटिन झालं आणि कठोर आई, कोमल आई अशी नावं जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत बसली. मेंदूलाही आया आहेत हे परीक्षेच्या आदल्या रात्री किती मुलांच्या लक्षात येत असेल कोण जाणे.

पण तुम्ही काशीला आहात आणि कुंचा चालू आहे. आचार्य काठावर बसलेत, नाकाला काही लावलेलं नाही. ते बोटाने दाखवतात आणि मुलं मागून म्हणतात. वरची ती अवभासिनी, जिच्यातून रंग उमटतो. तिच्याखाली लोहिता, मग श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी आणि सगळ्यांत खाली मांसधरा. त्वचेचे सात पदर, प्रत्येकाची जाडी ठरलेली. माप कशाचं? भाताच्या दाण्याचं. अवभासिनी एका दाण्याचा 18 वा भाग. लोहिता 16 वा, श्वेता 12 वा, ताम्रा 8 वा, वेदिनी 5 वा. रोहिणी सबंध एक दाणा, मांसधरा दोन. हे माप मांसल जागेचं, कपाळाला किंवा करंगळीला लावायचं नाही, हेही आचार्य बजावतात. तुम्ही मनात दाण्याचे अठरा भाग करायला जाता आणि सोडून देता. शेजारचा मुलगा हसतो. त्यानेही प्रयत्न केला होता म्हणे.

प्रत्येक पदरावर कोणतं दुखणं बसतं तेही ते सांगतात, आणि इथे तुमचे कान टवकारतात, कारण ही नावं तुमच्या घरातली आहेत. दुसऱ्या पदरावर तीळ आणि व्यंग. व्यंग म्हणजे गालांवरचे ते काळपट डाग, ज्यांना तुमची मावशी वांग म्हणते आणि ज्यांच्यासाठी तिने मसूरडाळीपासून परदेशी क्रीमपर्यंत सगळं चोपडून बघितलंय. चौथ्यावर कोड. सहाव्यावर गाठी, गलगंड, हत्तीपाय. हत्तीपाय म्हटल्यावर विदर्भातला माणूस मान डोलावतो. त्याला पुस्तकातलं चित्र बघावं लागत नाही.

ऊन चढलंय, माश्या वाढल्यात. आचार्य सगळ्यांना नदीवर पिटाळतात. राख, माती, पुन्हा राख असं करून अंग घासा. तुम्ही तीन वेळा घासता, तरी जेवायला बसताना बोटं नाकाशी नेऊन बघता. सगळेच बघतात.

पाकशाळेत मोठ्या हंड्यात दूध उकळतंय. चुलीचा धूर डोळ्यांत, भिंतीला टेकलेला सरपणाचा ढीग, कोपऱ्यात मांजर. हंडा उतरवतात, दूध निवायला लागतं आणि त्यावर सुरकुती उमटते. आचार्य मुलांना तिथेच थांबवतात. त्वचा कशी तयार होते म्हणून सकाळी विचारत होतात ना? ही बघा. गर्भ आतल्या आत शिजत असतो आणि त्याच्यावर एकावर एक साय धरत जाते.

साय! तुम्ही सकाळपासून जे पाहिलं त्याच्यानंतर ही साय तुमच्या वाटीत पडते तेव्हा क्षणभर घास अडकतो. पण उपमा अशी आहे की परत कधी विसरता येणार नाही. माझं तर स्पष्ट मत आहे, शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात कातडीबद्दल याहून नेमकं वाक्य नाही. साय वरून आणून घातलेली नसते. ती दुधाचीच असते आणि दुधाला दुधाच्या जागी ठेवते.

जेवणानंतर झोपायला मिळेल असं वाटलं? मुलं सरावाला जातात. आंब्याखाली पसारा मांडलाय. एकजण कोहळ्यावर आणि काकडीवर छेद घ्यायला शिकतोय. दुसऱ्यापुढे ताणून बसवलेलं केसाळ कातडं आहे, त्याला खरवडायचं आहे, तुटू न देता. तिसरा पाण्याने आणि चिखलाने भरलेली कातडी पिशवी फोडतोय, अलगद, आतला चिखल अंगावर न उडवता. त्याच्या अंगाकडे पाहता सराव नुकताच सुरू झालेला दिसतो. कमळाच्या देठात सुई घालणारा एक, आणि एक मऊ चामड्याच्या दोन कडा शिवत बसलेला, जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून. तुमच्या हातात कलिंगड देतात. साल कापायची, गर दुखवायचा नाही. तुम्ही कापता. लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येतं. "रोगी गेला," शेजारचा मुलगा गंभीरपणे जाहीर करतो आणि रोगी खायला घेतो.

खरा रोगी तिसऱ्या प्रहरी येतो. मध्यम वयाचा नावाडी, पाय फाकवून चालणारा, चेहऱ्यावर वेदनेपेक्षा संकोच जास्त. वृषणाच्या आवरणांत पाणी साठून नारळाएवढी सूज आलेली. गावाकडे याला हायड्रोसील म्हणतात आणि बायका-माणसांसमोर काहीच म्हणत नाहीत. त्याला आडवं घेतात, शेक देतात, कापडाने बांधतात. मग शिवणीच्या एका बाजूला, खालच्या अंगाला, व्रीहिमुख नावाचं शस्त्र टेकतं. त्याचं टोक भाताच्या दाण्यासारखं. सकाळी ज्या दाण्याने कातडी मोजली, दुपारी तोच दाणा कातडीत शिरतो. दोन तोंडांची नळी बसते आणि पिवळट पाणी खालच्या मडक्यात पडायला लागतं. टपटप, मग धार. नावाडी आढ्याकडे बघत देवाचं नाव घेत असतो. ते मध्येच थांबतं आणि तो "हं?" म्हणून मान उचलून बघतो. इतकंच होतं?

इतकंच होतं, कारण कुठे थांबायचं ते त्या हाताला माहीत आहे. बाहेरचा पदर ओलांडायचा, आतल्या पदराला धक्का लावायचा नाही. पाणी मधल्या फटीत आहे. सकाळची ती सगळी घासाघास या फटीसाठी होती.

रात्री दिव्याशी पाठ चालतो तेव्हा तो शब्द येतो, ज्याच्यासाठी मी तुम्हाला इतक्या लांब आणलं. कला. आपल्याला कला म्हटलं की गाणं, नाच, फार तर चंद्र आठवतो. इथे कला म्हणजे शरीराच्या आतली सीमा. एका बाजूला धातू, म्हणजे रक्त, मांस, मेद वगैरे, दुसऱ्या बाजूला त्यांची राहायची जागा, आणि दोहोंमधली जी मर्यादा, ती कला. लाकूड चिरलं की आतला गाभा दिसतो, तसा मांस चिरलं की धातू दिसतो. कला मात्र स्नायूंनी झाकलेली, जरायूने पसरलेली, कफाने लडबडलेली. जरायु! कंदिलाच्या उजेडातलं म्हातारीचं बोट आठवलं? त्या मुलांना हा शब्द पाठ करावा लागतोय. तिने तो काडीने उलगडून दाखवला होता.

कलाही सात. मांसधरा, रक्तधरा, मेदोधरा, श्लेष्मधरा, पुरीषधरा, पित्तधरा, शुक्रधरा. प्रत्येकीच्या शेपटीला धरा. म्हणजे झाकणारी असं एकीलाही म्हटलेलं नाही, सगळ्या धरणाऱ्या आहेत. आपण आज पुस्तकात हृदयावरण, मस्तिष्कावरण असं लिहितो, आवरण म्हणजे झाकण. मला हा थोडा तोटाच वाटतो. झाकण काढून बाजूला ठेवता येतं. साय काढली तर दुसरी धरते. त्यातल्या त्यात श्लेष्मकला हा शब्द मराठीत तगला, नाकातोंडाच्या आतल्या ओल्या अस्तरासाठी, आणि त्यात ती जुनी कला शिल्लक आहे. आणि आपल्या आजीच्या डोळ्यांवर आलेलं पडळ, तेही इथल्या पटल या शब्दाचंच घरगुती रूप.

उपमा दिवसभर आजूबाजूला होत्याच, मुलं फक्त त्या म्हणून दाखवतात. चिखलात कमळाचे देठ आणि मुळं पसरतात तशा मांसात शिरा पसरतात, ही मांसधरा. चिकाच्या झाडाला घाव घातला की चीक गळतो तसं मांस कापलं की रक्त, ही रक्तधरा. (वडाला टांगलेली जार आठवते ना?) आसाला वंगण घातलं की चाक सुरळीत फिरतं, तसे सांधे, ही श्लेष्मधरा. बाहेर अंधारात एक बैलगाडी कुरकुरत जाते आणि सगळा वर्ग हसतो. गाडीवानाने आज पाठ केलेला नाही. दुधात तूप आणि उसाच्या रसात गूळ, दिसत नाही पण कणाकणात असतो, तशी शेवटची.

हे सगळं पुढे ग्रंथात बसलं आणि त्याच्यावर कित्येक टीका झाल्या. त्यांपैकी शारीरस्थानावरची, म्हणजे शरीराबद्दलच्या या भागावरची, एक गाजलेली हिंदी टीका लिहिणारे भास्कर गोविंद घाणेकर हे मराठी गृहस्थ. शिकवायला होते याच काशीत, हिंदू विद्यापीठात. म्हणजे कुंडातली ही वाट आपल्याआधी कोणीतरी नीट वापरलेली आहे, फक्त ते रेल्वेने गेले.

दिवा बारीक होतो. शेजारचा मुलगा बसल्या बसल्या पेंगतोय, त्याचे ओठ अजून हलताहेत, मेदोधरा, मेदोधरा. उद्या पहाटे पुन्हा पिंजरा. कुंचा घासून घासून झिजलाय, त्याला नवीन वाळा बांधायचं काम त्याच्याकडे आहे. मुळांची जुडी उशाशी ठेवलीय. इतक्या घाणेरड्या दिवसानंतरही तिचा वास गार, मातीचा, स्वच्छ आहे. त्या वासातच तुमचा डोळा लागतो आणि तुम्ही खाली घसरता.

डोकं वर येतं ते कुंडात. पायऱ्या चढताना या वेळी दम लागतो. वर कळंबचं ऊन तसंच उभं आहे. चपला जागेवर आहेत, फक्त इतक्या तापल्यात की घालाव्यात की हातात घ्याव्यात कळत नाही. समोरच्या हॉटेलात शिरा. मालक फडक्याने टेबल पुसतो, चहा ठेवतो. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसता, तेवढ्यात कपावर सुरकुती धरते.

"साय काढू का जी?"

"राहू द्या."

मालक कूलर तुमच्या बाजूला वळवतो. पाणी नुकतंच मारलेलं. वाळ्याच्या ओल्या ताटीवरून येणारा गार झोत तोंडावर आदळतो, आणि तुम्ही खुर्ची मागे सरकवून थेट उन्हात, दाराशी जाऊन बसता.

"काहून जी," तो चकित होऊन विचारतो, "गरमी नाही होत तुमाले?"